लो-कार्ब बारमध्ये साखर नाही, मग गोड काय आहे? आणि इन्सुलिनचं काय?

मेडिकलच्या काउंटरवर नाहीतर जिमच्या रिसेप्शनला ते बार मांडून ठेवलेले असतात बघा, वर मोठ्या अक्षरात झिरो शुगर, फक्त ४ ग्रॅम नेट कार्ब्स, कीटो फ्रेंडली वगैरे, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात घटक. डायबेटिसवाले, नुकतेच प्री-डायबेटिक निघालेले, वजन कमी करणारे सगळेच घेतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, साखर नाही म्हणजे इन्सुलिन पण वाढत नाही ना? आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो, कारण डॉ. जिचकारांचं आणि नंतर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दोनदाच जेवायचं, मध्ये काही खाल्लं की इन्सुलिन सुटतं, हे घराघरात पोचलंय. नाहीतर आधी इन्सुलिन म्हटलं की लोकांना फक्त इंजेक्शन आठवायचं.

तर आधीच सांगून टाकते, पुढच्या बाजूचा नेट कार्ब्सचा (म्हणजे एकूण कार्ब्समधून फायबर वगैरे वजा करून उरलेला) आकडा बघून काहीही कळत नाही. त्यात गोडवा नेमका कशाचा आहे, तो कशाबरोबर मिसळलाय आणि फायबर म्हणून काय भरलंय या तीन गोष्टींवर सगळं आहे. लोक घाबरतात स्टीव्हियाला, आणि खरा गोंधळ घालतं ते मालटिटॉल. खाली ओळीने सांगते काय बघायचं, हिशोब कसा लावायचा आणि घरच्या ग्लुकोमीटरवर खात्री कशी करायची.

आधी दोन मिनिटं इन्सुलिनबद्दल

कार्ब्स खाल्ले, ग्लुकोज रक्तात आलं, स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडलं, हे सगळ्यांना माहितीये. पण इन्सुलिन फक्त साखरेने वाढत नाही. सिडनी विद्यापीठात १९९७ साली ३८ पदार्थांवर एक प्रयोग झाला होता, प्रत्येक पदार्थ साधारण २४० कॅलरीएवढा खायला द्यायचा आणि पुढचे दोन तास इन्सुलिन मोजायचं, पांढऱ्या ब्रेडला १०० मार्क धरून. त्यात अंड्याला ३१ मिळाले, बीफला ५१, माशाला ५९. म्हणजे ज्यात कार्ब्स जवळजवळ नाहीतच त्यांनीही इन्सुलिन हलवलं. गोड दह्याला ११५ आणि चॉकलेट बारला १२२, ब्रेडच्याही वर.

आता आपल्या लो-कार्ब बारमध्ये मुख्य माल काय असतो? व्हे प्रोटीन. दुधातल्या प्रोटीनमध्ये इन्सुलिन वाढवण्याची चांगलीच ताकद आहे, त्यातलं ल्युसिन आणि इतर अमिनो ऍसिड्स स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना थेट चालना देतात आणि आतड्यातली जीएलपी-१ सारखी हॉर्मोन्स पण सुटतात. त्यामुळे गोडवा कुठलाही घाला, २० ग्रॅम व्हे असलेला बार इन्सुलिन वाढवणारच. आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट टाइप-२ वाल्यांनी जेवणाआधी थोडं व्हे घेतलं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते असं अभ्यासांमध्ये दिसलंय. दोन जेवणांच्या मध्ये इन्सुलिन अजिबात नको असा तुमचा नियम असेल तर मग कुठलाच बार चालत नाही, विषय संपला, पुढचं वाचायची पण गरज नाही. पण शुगर चढू नये आणि इन्सुलिन विनाकारण तासन्‌तास वर राहू नये एवढंच हवं असेल तर वेगवेगळ्या बारमध्ये खूप फरक आहे.

आणि "मी तर बारीक आहे, मला काय त्याचं" म्हणणाऱ्यांसाठी एक पुण्याची गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. फोटोत दोघं शेजारी उभे आहेत, दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. २००४ साली लॅन्सेटमध्ये हे छापून आलं आणि आपल्या लोकांच्या "बारीक पण चरबीदार" शरीराचं ते उदाहरण होऊन बसलं. आपल्यात इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) काट्यावर दिसायच्या आधीच सुरू झालेला असू शकतो तो असा. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त डायबेटिसवाले आणि साधारण साडेतेरा कोटी प्री-डायबेटिक निघाले, त्यामुळे हा विषय जिमवाल्या पोरांपुरता राहिलेला नाही.

पायरी १: पाकीट उलटं करा आणि पहिले पाच घटक वाचा

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. म्हणून पहिल्या पाचात काय आहे त्यावर बारचं चारित्र्य कळतं. एक नमुना यादी देते, अशा धर्तीच्या बऱ्याच सापडतील: प्रोटीन ब्लेंड (व्हे कॉन्सन्ट्रेट, सोया), मालटिटॉल सिरप, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, डार्क कंपाउंड, ह्युमेक्टंट (आयएनएस ४२२), शेंगदाणे, माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, स्वीटनर (आयएनएस ९५५).

यात स्वीटनर म्हणून छापलेला एकच आहे, ९५५, म्हणजे सुक्रालोज, तोही शेवटी. पण बारचा गोडवा आणि चिकटपणा येतोय दुसऱ्या नंबरच्या मालटिटॉल सिरपमधून. लोक ९५५ गुगल करत बसतात आणि दुसरा घटक वाचतच नाहीत!

भारतात बरेचदा नाव नसतं, नुसता आयएनएस नंबर (खाण्यात मिसळायच्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असतो, म्हणून हे एवढे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा: ४२० सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ४२२ ग्लिसरॉल म्हणजे ग्लिसरीन, ९५० एसिसल्फेम-के, ९५१ ऍस्पार्टेम, ९५३ आयसोमाल्ट, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया, ९६५ मालटिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल, १२०० पॉलिडेक्स्ट्रोज. "पॉलिऑल्समुळे (म्हणजे शुगर अल्कोहोलमुळे) जुलाब होऊ शकतात" अशा अर्थाची इंग्रजी ओळ कुठे कोपऱ्यात दिसली तर समजायचं ४२०, ४२१, ९५३, ९६५, ९६७, ९६८ यांच्यातलं कुणीतरी आत भरपूर आहे.

पायरी २: कुठला गोडवा काय करतो

मालटिटॉलपासून सुरू करू कारण बार, शुगर-फ्री चॉकलेट आणि डायबेटिक मिठाई या तिन्हीत याचंच राज्य आहे. कंपन्यांचा हा लाडका का, तर साखरेच्या ९० टक्के गोड, चव साखरेसारखीच, तोंडात थंडगार लागत नाही, सिरप मिळतं त्यामुळे बार मऊ राहतो. पण हा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि सॉर्बिटॉलची जोडी. आतड्यात ती जोडी बऱ्याच प्रमाणात तुटते आणि त्यातलं ग्लुकोज सरळ रक्तात जातं. ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर शुगर किती चढते त्याचा आकडा, ग्लुकोज १०० धरून) साधारण ३५, आणि सिरप असेल तर ५० च्या आसपास, साखरेचा ६५ धरतात. म्हणजे शुगर वाढते, इन्सुलिन वाढतं, साखरेच्या साधारण निम्मं समजा. पाकिटावर मात्र "शुगर ० ग्रॅम" आणि ते कायद्याने खरंच आहे, कारण पॉलिऑल शुगरमध्ये मोजतच नाहीत. इन्सुलिनसाठी बार निवडत असाल तर पहिल्या पाचात ९६५ दिसलं की मी तो परत ठेवून देते.

सॉर्बिटॉल आणि आयसोमाल्टने शुगर फारशी चढत नाही, दोघांचा इंडेक्स १० च्या आतबाहेर, पण पोट बिघडतं. सॉर्बिटॉल १० ग्रॅमला गॅस, २० ग्रॅमला मुरडा, असा साधारण अनुभव. झायलिटॉल त्यातल्या त्यात बरं, पण घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलवाली कुठलीही वस्तू त्याच्या तोंडाला लागता कामा नये. कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिनचा पूर येतो आणि जीव जाऊ शकतो, माणसात असं होत नाही.

एरिथ्रिटॉल वेगळं आहे. लहान आतड्यातूनच साधारण ९० टक्के शोषलं जातं आणि जसंच्या तसं लघवीतून बाहेर, ग्रॅमला ०.२ कॅलरी, शुगर आणि इन्सुलिनवर परिणाम जवळजवळ शून्य. या एका मुद्द्यावर हे पहिलं. पण २०२३ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त त्यांच्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोक जास्त दिसले, आणि ३० ग्रॅम प्यायला दिलं तर रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त वर राहिली. आता आपलं शरीर स्वतःसुद्धा ग्लुकोजपासून एरिथ्रिटॉल बनवतं, आणि चयापचय बिघडलेल्यांत ते जास्त बनतं, त्यामुळे आधी कोंबडी की आधी अंडं हा वाद चालूच आहे. माझं मत विचाराल तर अधूनमधून एखादा बार ठीक, पण रोज दोन बार, वर एरिथ्रिटॉलचा केक आणि कॉफीत पण तेच, असं असेल आणि हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

स्टीव्हिया आणि मंक फ्रूट चिमूटभर लागतात, शुगर नाही, इन्सुलिनचा प्रश्न जवळपास नाही. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात स्टीव्हिया खाल्लेल्यांचं जेवणानंतरचं इन्सुलिन साखर खाल्लेल्यांपेक्षा कमीच निघालं. फक्त दुकानात मंक फ्रूटची जी पांढरी पावडर मिळते त्यात बहुतेक वेळा ९९ टक्के एरिथ्रिटॉल असतं, नाव मात्र फळाचं.

सुक्रालोजचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे आणि नेटवर यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात. एका बाजूला ऍडलेडच्या २००९ च्या प्रयोगात नुसतं सुक्रालोज सरळ पोटात सोडलं तर इन्सुलिन हललंच नाही. दुसऱ्या बाजूला २०१३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला १७ लठ्ठ व्यक्तींना ग्लुकोज प्यायच्या आधी ४८ मिलिग्रॅम सुक्रालोज दिलं तर इन्सुलिन साधारण २० टक्के जास्त सुटलं, ही सगळी माणसं एरवी स्वीटनर न घेणारी होती. मग २०२० मध्ये येल विद्यापीठात बघितलं की १० दिवसांत सुक्रालोजची सात पेयं नुसती दिली तर काही नाही, पण तीच माल्टोडेक्स्ट्रिन घालून दिली तर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी झाला. २०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत १२० निरोगी लोकांवर प्रयोग झाला, त्यात सॅकरिन आणि सुक्रालोजने ग्लुकोजचा प्रतिसाद बिघडला, पण सगळ्यांचा सारखा नाही, ज्याच्या त्याच्या आतड्यातल्या बॅक्टेरियावर अवलंबून. ऍस्पार्टेम आणि स्टीव्हियाने त्यात ग्लुकोज हललं नाही.

मी यातून काय घेते, तर सुक्रालोज एकटं असेल तर मला त्याची फार चिंता नाही, पण सुक्रालोज आणि भरपूर कार्ब्स एकत्र ही जोडी टाळलेली बरी, आणि बारमध्ये नेमकी हीच जोडी असते. हिशोब करा, सुक्रालोज साखरेच्या ६०० पट गोड, म्हणजे २० ग्रॅम साखरेएवढा गोडवा आणायला ३३ मिलिग्रॅम पुरतं, प्रयोगातल्या ४८ पासून ते काही फार लांब नाही. वर आपण बार खातो कशाबरोबर? दोन चमचे साखर घातलेल्या चहाबरोबर! चहा तरी बिनसाखरेचा घ्या.

ऍस्पार्टेम उष्णतेला टिकत नाही म्हणून भाजलेल्या बारमध्ये कमी दिसतं. २०२३ मध्ये कॅन्सरवरून त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या, पण तेव्हाच दुसऱ्या तज्ज्ञ समितीने वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅमची रोजची मर्यादा होती तीच ठेवली. पीकेयू हा जन्मजात आजार असलेल्यांना ते बिलकुल नको. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करायला स्वीटनर वापरू नका असा सल्ला दिला, पण तो आधीच डायबेटिस असलेल्यांना लागू नाही असं त्यातच लिहिलंय, व्हॉट्सअपवर फिरताना तेवढी ओळ गळून पडते.

ऍल्युलोज आपल्याकडच्या बारमध्ये क्वचितच दिसतं पण अमेरिकेहून येणाऱ्यांच्या बॅगेतून येतं. साखरेच्या ७० टक्के गोड, ग्रॅमला ०.४ कॅलरी, शुगर चढवत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) ते शुगरच्या ओळीत मोजू नका असं सांगितलं, पण एकूण कार्ब्समध्ये धरावं लागतं, म्हणून त्या पाकिटावर कार्ब्स जास्त दिसले तर दचकू नका.

पायरी ३: फायबर खरं आहे का ते बघा

मालटिटॉलनंतरची दुसरी चोरवाट ही. बार चिकटायला सिरप लागतं, साखरेचं घालता येत नाही, मग फायबरचं सिरप घालतात. इन्युलिन किंवा चिकोरी रूट, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, पॉलिडेक्स्ट्रोज, सोल्युबल कॉर्न फायबर यांनी शुगर फारशी चढत नाही, गॅस होतो तेवढाच. पण आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड, ज्याला आयएमओ म्हणतात, ते नावाला फायबर. ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत त्या आणि आतड्यातली एन्झाइम्स त्यांना बऱ्यापैकी तोडतात, शुगर आणि इन्सुलिन दोन्ही चढताना मोजलं गेलंय. अमेरिकेत एकेकाळी नामांकित लो-कार्ब बारचा पायाच हा होता, लोक ग्लुकोमीटर लावून तक्रारी करायला लागले, आणि एफडीएने शेवटी आयएमओला फायबर म्हणायला नकार दिला. आपल्याकडे मिळणाऱ्या बारमध्ये ते फायबरच्या खात्यात दिसलं तर ते सगळं फायबर धरू नका. नाव फ्रुक्टो-ऑलिगो आहे की आयसोमाल्टो-ऑलिगो, एवढा पहिला शब्द नीट वाचायचा.

माल्टोडेक्स्ट्रिन तर ग्लुकोजएवढंच झपाट्याने चढतं, तरी शुगरच्या ओळीत येत नाही, फक्त एकूण कार्ब्समध्ये येतं. ग्लिसरीन शुगर फार चढवत नाही पण ग्रॅमला चार कॅलरीच्या वर आहे, आणि २००० च्या सुमाराला ते कार्ब्समध्ये न मोजता बार लो-कार्ब म्हणून विकल्याबद्दल एफडीएने कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या.

आणि खजुराचे बार! नो ऍडेड शुगर लिहिलेलं असतं, खरंही असतं, पण खजुरात वजनाच्या साठ-पासष्ट टक्के साखरच आहे. खजूर चांगलाच, पण तो लो-कार्ब नाही. मध, गूळ, ब्राऊन राईस सिरप यांचं तर बोलायलाच नको.

पायरी ४: नेट कार्ब्स स्वतः काढा

नेट कार्ब्स हा शब्द कंपन्यांनी रुळवला, एफडीएच्या नियमात त्याची व्याख्याच नाही. त्यांची पद्धत म्हणजे एकूण कार्ब्समधून सगळं फायबर आणि सगळे पॉलिऑल वजा. माझी पद्धत: एरिथ्रिटॉल आणि ऍल्युलोज पूर्ण वजा करा, मालटिटॉल असेल तर निम्मंच वजा करा, इन्युलिनसारखं फायबर पूर्ण वजा, आयएमओ असेल तर निम्मं.

समजा ६० ग्रॅमचा बार आहे, प्रोटीन २०, फॅट ८, कार्ब्स २४, त्यात फायबर ६ आणि पॉलिऑल १४. पुढे छापलेलं असेल ४ ग्रॅम नेट. पण ते १४ ग्रॅम मालटिटॉल असेल तर ७ परत मिळवा, झाले ११. फायबर आयएमओ असेल तर अजून ३, झाले १४. म्हणजे एका मध्यम पोळीच्या कार्ब्सच्या जवळ गेलात, आणि हातात काय, तर "४ ग्रॅम" लिहिलेलं पाकीट.

एक सावधान, देशादेशात छापायची पद्धत वेगळी आहे. अमेरिकेत कार्ब्समध्ये फायबर धरून आकडा असतो. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात फायबर आधीच बाहेर काढलेलं असतं, तिथला बार असेल तर फायबर परत वजा करू नका, डबल वजाबाकी होते. भारतीय पाकिटांवर खात्री वाटत नसेल तर कॅलरीवरून अंदाज लागतो. वरच्याच बारचं बघा, कार्ब्स २४ गुणिले ४, प्रोटीन २० गुणिले ४, फॅट ८ गुणिले ९, बेरीज २४८. छापील कॅलरी २१५ च्या आसपास असतील तर कार्ब्समध्ये फायबर-पॉलिऑल धरलेत आणि त्यांच्या कॅलरी कमी लावल्यात. उलट बेरीज छापील कॅलरीपेक्षा कमी आली तर फायबर बाहेर ठेवलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि हो, आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका बारचे ते आधी बघा, आपल्याकडे १०० ग्रॅमचा कॉलम पहिला असतो.

पायरी ५: ग्लुकोमीटरवर तपासा

ग्लुकोमीटर इन्सुलिन मोजत नाही हे आधी डोक्यात ठेवा. पण बारने शुगर चढत असेल तर त्यातले कार्ब्स खरे आहेत एवढं नक्की कळतं.

सकाळी उपाशीपोटी करायचं, चहा पण नको. हात साबणाने धुवून कोरडे करा, बोटाला फळाचा किंवा मधाचा चिकटपणा असेल तर आकडा खोटा जास्त येतो. पहिली सुई खायच्या आधी, मग पूर्ण बार पाण्याबरोबर दहा मिनिटांत खाऊन संपवा, आणि खायला सुरुवात केल्यापासून ३०, ६०, ९०, १२० मिनिटांनी मोजा. मालटिटॉल असेल तर १८० ला पण एक घ्या, कारण फॅट आणि प्रोटीनबरोबर ते सावकाश चढतं आणि दोन तासांवर थांबलात तर "बघा काही झालं नाही" असं वाटतं. मधल्या वेळात फेऱ्या मारायच्या नाहीत, नाहीतर चालण्याने शुगर उतरते आणि श्रेय बारला जातं.

दुसऱ्या दिवशी तशाच वेळी त्या बारमध्ये तुम्ही काढलेले जेवढे नेट कार्ब्स, तेवढ्या कार्ब्सचा साधा पदार्थ खाऊन तसंच मोजा, पोळीचा तुकडा किंवा ब्रेड चालेल. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की चित्र स्पष्ट होतं. मीटरला मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते, त्यामुळे ९८ चे १०८ झाले म्हणून बार बदनाम करू नका. ९८ चे १४० झाले तर मात्र प्रश्न विचारायला पाहिजे. चौदा दिवसांचा दंडावर लावायचा सेन्सर असेल तर हे सगळं सोपं जातं, पण दोन बारसाठी तेवढा खर्च करायची गरज नाही.

इन्सुलिनच बघायचं असेल तर लॅबमध्ये फास्टिंग इन्सुलिन आणि फास्टिंग शुगर एकाच रक्तात करून घ्या आणि दोघांचा गुणाकार भागिले ४०५ करा, हा होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज. शुगर १०० आणि इन्सुलिन १२ असेल तर साधारण ३ येतो. हा एका बारने बदलणारा आकडा नाही, तीन-चार महिन्यांच्या खाण्यावर, झोपेवर, व्यायामावर हलणारा आहे, म्हणून एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) बरोबर तेवढ्या अंतराने बघावा. बार खाल्ल्यावर तासाने इन्सुलिन काढून काही हाती लागत नाही, इन्सुलिन रक्तात मिनिटांत चढतं-उतरतं, एका सुईत ते सापडेलच असं नाही.

औषधं चालू असतील तर हे वाचल्याशिवाय बार उघडू नका

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि शुगर खाली गेली, घाम, थरथर, धडधड सुरू झाली, तर पर्समधला लो-कार्ब बार खाऊन उपयोग नाही. तो शुगर चढवू नये म्हणूनच बनवलाय! तिथे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असाल तर साधी साखर पण उशिरा लागू पडते, कारण ती तोडणारं एन्झाइमच गोळीने अडवलेलं असतं, त्यामुळे ग्लुकोजच हवं, पाकिटावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलंय ना ते बघून. या गोळ्यांवर मालटिटॉलचे बार खाल्ले तर पोटाचे हाल पण जास्त, दोन्हीचं न पचलेलं मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं.

जेवताना कार्ब्स मोजून इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढचा छापील नेट आकडा धरून युनिट ठरवू नयेत. पहिल्यांदा तो बार खाताना वरची चाचणी करून डॉक्टरांशी बोला.

घरी करायचा असेल तर

बाहेरच्या बारचा सगळा तमाशा हा चिकटवण्यासाठी आहे. चिक्कीत ते काम गुळाचा गोळीबंद पाक करतो. एरिथ्रिटॉलचा पाक करून बघायचा मोह होतो, ते कढईत पाण्यासारखं वितळतं, पण साखरेसारखा रंग धरत नाही, तार येत नाही, आणि थंड झालं की परत खडे होऊन पांढरं पडतं, दाण्यांवर मिठाचा थर बसल्यासारखं, आणि खाताना तोंडात पेपरमिंटसारखा गारवा. आयसोमाल्टचा पाक काचेसारखा मस्त बसतो पण दोन वड्यांनंतर पोट आवाज द्यायला लागतं.

म्हणून पाक विसरा आणि दाण्याच्या लोण्यावर जा. १५० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सालं काढायची, गरम असतानाच मिक्सरला थांबत थांबत फिरवायचे, आधी कूट होतं, मग गोळा, मग तेल सुटून लोणी. त्यात ५० ग्रॅम बिनगोडाचं व्हे, ५० ग्रॅम भाजलेले तीळ, ३० ग्रॅम भाजलेल्या जवसाची भरड, चिमूट मीठ, वेलची. गोडाला शुद्ध स्टीव्हिया चमच्याच्या अगदी टोकावर मावेल तेवढं, जास्त झालं तर कडवट लागतं. टेबलावर ठेवायची स्वीटनरची पावडर वापरणार असाल तर मागे डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन आहे का बघा, हलक्या पावडरीला भर म्हणून तेच घालतात. मिश्रण कोरडं वाटलं तर चमचा-चमचा गरम पाणी, एकदम नाही, व्हे लगेच चिकट होतं. बटर पेपर लावलेल्या डब्यात वाटीच्या बुडाने घट्ट दाबून दोन तास फ्रीजमध्ये, मग धारदार सुरीने आठ वड्या.

कुठलंही सिरप नसल्याने वडीमागे पचणारे कार्ब्स तीनेक ग्रॅमच्या आसपास येतात, कॅलरी मात्र १८० च्या पुढे, शेंगदाणा-तीळ आहे शेवटी. एका वेळी एकच. उन्हाळ्यात डब्यात नेली तर मऊ पडते, तेव्हा कागदात गुंडाळून न्या, आणि फ्रीजमध्ये आठवडाभरात संपवा, जवसाला नंतर खवट वास येतो.